१०० सीसीची साधी गाडी एवढी टिकते कशी आणि एवढं कमी पेट्रोल पिते कशी?

बरेच जण १०० सीसीच्या गाडीकडे बघून म्हणतात की यात काय आहे, मोठ्या गाडीतल्या चार भारी गोष्टी काढल्या, इंजिन लहान केलं, झाली स्वस्तातली गाडी. मला हे अजिबात पटत नाही. मोठी गाडी बनवताना काही कमी पडलं तर अजून एक पार्ट लावता येतो, इथे ती सोय नसते, इथे प्रत्येक पार्ट लावायच्या आधी विचार करावा लागतो की हा खराब झाला तर कुठल्यातरी आडगावात, दोन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर असलेला माणूस तो बदलू शकेल का. आणि ही गाडी जो वापरणार आहे तो ऑइल वेळेवर बदलेलच असं नाही, तिच्यावर दोनाच्या ऐवजी तीन माणसं बसतील, वर एखादं पोतं पण येईल, हे सगळं कंपनीला आधीच धरून चालावं लागतं. त्यामुळे ही गाडी नीट समजून घ्यायची तर स्पेसिफिकेशनच्या तक्त्यापेक्षा ती कशी वापरली जाते तिथून सुरुवात केलेली बरी.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे होंडाची सीजी१२५. त्याआधी होंडाकडे १२५ सीसीचं सीबी मॉडेल होतं, त्याचं इंजिन चांगलं होतं, जपानसारख्या देशात काही तक्रार नव्हती. पण तीच गाडी विकसनशील देशांत गेली की इंजिनचं काम लवकर निघायचं. कारण काय तर ऑइल महिनोनमहिने तसंच, रस्ते धुळीचे, वजन भरमसाठ. आता अशा वेळी कंपनी सरळ म्हणू शकते की चूक गिऱ्हाइकाची आहे, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं वागा. होंडाने उलटं केलं. लोक असंच वापरणार हे मान्य केलं आणि १९७६ मध्ये त्या वापराला पुरून उरेल असं वेगळं इंजिन आणलं.

ते वेगळं म्हणजे काय हे कळायला थोडं इंजिनच्या आत जाऊ. अशा छोट्या फोर स्ट्रोक इंजिनमध्ये, म्हणजे पिस्टनच्या चार हालचालींत एकदा स्फोट होतो त्यात, दोन व्हॉल्व्ह असतात, एकातून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर जातो. हे व्हॉल्व्ह योग्य वेळी दाबायचं काम करतो कॅम, म्हणजे एका दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा, तो फिरतो आणि त्याचं टोक आलं की व्हॉल्व्ह दाबला जातो. सीबीमध्ये हा कॅम इंजिनच्या डोक्यात, एकदम वर होता, आणि त्याला खालून चेनने फिरवलं जायचं. याचा फायदा असा की इंजिन जास्त आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्या होतात तेव्हा, मोकळं फिरतं. तोटा असा की ऑइल सगळ्यात शेवटी पोचतं ते वरच. ऑइल कमी झालं, काळं पडलं, घट्ट झालं, की पहिला मार डोक्यातल्या कॅमला. तिथे घासायला लागलं की आवाज सुरू, मग हेड उघडा, मग खर्च.

सीजीमध्ये कॅम खाली आणला, क्रँकच्या म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या जवळ, जिथे ऑइल कायम उडतच असतं. तिथून दोन बारीक लांब दांड्या वर जातात आणि व्हॉल्व्ह उघडतात, यांना पुशरॉड म्हणतात. कॅमची चेन नाही, त्यामुळे ती सैल पडायचा प्रश्न नाही, तिला ताणून धरणारा टेन्शनर नाही. आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हसाठी कॅमवर उंचवटा एकच आहे. एकाच उंचवट्यावर दोन वेगवेगळ्या बाजूंनी दोन पट्ट्या टेकलेल्या असतात, त्यामुळे तोच उंचवटा आधी एकीला उचलतो, मग दुसरीला. पार्ट कमी, घासायच्या जागा कमी. पुशरॉडचं तंत्र तेव्हासुद्धा जुनं समजलं जायचं, म्हणजे पुढे जाण्यासाठी त्यांनी मुद्दाम एक पाऊल मागे घेतलं, आणि ते इतकं बरोबर निघालं की ब्राझीलमध्ये सीजी हे नाव घराघरात पोचलं, चीनमध्ये त्या इंजिनच्या असंख्य नकला निघाल्या, आणि पाकिस्तानात तर हीच पुशरॉडवाली १२५ कितीतरी दशकं बनत राहिली. पुढे २००९ मध्ये ब्राझीलमध्ये याच सीजी घराण्यातली पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर, कुठल्याही प्रमाणात, चालणारी गाडी आली.

भारतात रस्ता थोडा वेगळा होता. १९८४ मध्ये हिरो आणि होंडा एकत्र आले आणि १९८५ मध्ये सीडी१०० आली. त्या वेळी समोर टू स्ट्रोक १०० सीसीच्या गाड्या होत्या, पिकअपला जबरदस्त, आवाज पण भारी. पण टू स्ट्रोकमध्ये एक मूळचाच दोष आहे. त्यात कॅमने उघडणारे व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, आणि जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं, त्यामुळे ते ढकलता ढकलता थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. वर पेट्रोलमध्ये वेगळं टू टी ऑइल टाकायचं, ते पण जळून धूर होतो. सीडी१०० फोर स्ट्रोक होती, तिच्यात हे दोन्ही नव्हतं. तिची जाहिरात होती फिल इट, शट इट, फर्गेट इट, म्हणजे टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला पिकअपपेक्षा हेच हवं होतं. मग १९९४ मध्ये स्प्लेंडर आली.

या भारतीय इंजिनमध्ये कॅम वरच होता, चेनवाला. मग ते कसं टिकलं? याला पाया होता १९५८ च्या सुपर कबचा. कबच्या इंजिनमध्ये सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, पुढच्या चाकाकडे तोंड करून, आणि सीडी१०० पासून चालत आलेलं इंजिन त्याच धाटणीचं. हे घराणं कित्येक वर्षं एकेक कच्ची जागा शोधून सुधारत गेलेलं होतं. सुपर कबचं उत्पादन २०१७ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेलं, एवढ्या गाड्या रस्त्यावर फिरल्यावर कुठला बोल्ट कुठे सैल होतो आणि कुठलं बेअरिंग आधी जातं हे कंपनीला तोंडपाठ होतं. म्हणजे टिकाऊपणाचे दोन मार्ग झाले, एक म्हणजे मांडणीच अशी करायची की बिघडायला कमी जागा राहतील, आणि दुसरा म्हणजे मांडणी तीच ठेवून इतकी वर्षं घासत राहायची की बिघडणाऱ्या जागा एकेक करून संपतील.

आता ॲव्हरेज. हा विषय मला जरा सविस्तर सांगायचा आहे कारण लोक म्हणतात इंजिन छोटं म्हणून पेट्रोल कमी, आणि तिथेच थांबतात.

स्प्लेंडरच्या इंजिनचा सिलिंडर ५० मिलीमीटर रुंद आणि पिस्टनचा प्रवास ४९.५ मिलीमीटर, त्यावरून आकारमान काढलं की ९७.२ सीसी येतात. ताकद जास्तीत जास्त साधारण ५.९ किलोवॅट, म्हणजे आठच्या आसपास हॉर्सपॉवर. आता सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एकटा माणूस ५० च्या स्पीडने जातोय असं धरा. गाडी आणि माणूस मिळून १८० किलो. टायर रस्त्यावर घासतात त्याला थोडी ताकद लागते, समोरची हवा बाजूला सारायला त्याहून जास्त लागते, अंगावरचे कपडे, बसायची पद्धत यानुसार थोडं इकडे तिकडे होईल, पण एकूण दीड किलोवॅटच्या आसपासच. म्हणजे इंजिनच्या कमाल ताकदीचा पाव हिस्सा.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट अवर एवढी ऊर्जा असते, म्हणजे लाइट बिलावर जे युनिट असतं ना, तशी ९ युनिट. गाडी ६५ चा ॲव्हरेज देते आणि स्पीड ५० आहे, म्हणजे एक लिटर संपायला एक तास आणि १८ मिनिटं लागली. दीड किलोवॅट गुणिले एवढा वेळ म्हणजे जवळपास २ युनिट. नऊमधले दोनच युनिट चाकापर्यंत पोचले. बाकीचे सात कुठे गेले? सायलेन्सरमधून गरम धूर होऊन, इंजिनच्या फिन्समधून, म्हणजे बाहेरच्या पातळ पात्यांमधून, उष्णता होऊन, आणि पिस्टन, गिअर, चेन यांच्या घासण्यात. इतकी वाया जाणारी मशीन आणि तरीही हीच रस्त्यावरच्या सगळ्यात काटकसरी पेट्रोल गाड्यांपैकी एक आहे, हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी दोनदा तपासलं होतं.

मग हाच ५० चा स्पीड मोठ्या इंजिनच्या गाडीने गाठला तर जास्त पेट्रोल का लागतं, लागणारी ताकद तर जवळपास तेवढीच आहे? एक सिरिंज घ्या, तोंडावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या मागे ओढा. जोर लागतो ना? आत हवा येत नाही म्हणून. मोठं इंजिन कमी स्पीडला चालवताना ॲक्सिलरेटर अगदी थोडा उघडलेला असतो, हवेची वाट जवळजवळ बंद, आणि पिस्टन मात्र दर वेळी तो दट्ट्या ओढत असतो. हा जोर फुकट जातो. छोट्या इंजिनला तेवढीच ताकद काढायला ॲक्सिलरेटर बऱ्यापैकी उघडावा लागतो, हवेची वाट मोकळी, ओढाताण कमी. शिवाय मोठ्या इंजिनचे सगळे पार्ट मोठे, रिंगा मोठ्या, बेअरिंग मोठी, ते नुसते फिरवायलाच जास्त जोर जातो. म्हणून नेहमीच्या प्रवासाला जेवढी ताकद लागते त्याच्या जवळपासचं इंजिन निवडणं हा ॲव्हरेजचा अर्धा खेळ आहे.

आणि स्पीडचं गणित लक्षात ठेवा. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५० वरून ७० ला गेलात तर हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो, आणि तो सारायला लागणारी ताकद पावणेतीन पट. याच कारणाने एकच गाडी एकाला ७० देते आणि दुसऱ्याला ५०, आणि दोघंही खरं बोलत असतात.

या इंजिनचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, ८ न्यूटन मीटरच्या आसपास असतो, मोठ्या गाड्यांच्या तुलनेत काहीच नाही. पण तो कमी आरपीएमपासून बऱ्यापैकी मिळावा अशी सगळी रचना असते. आत येणाऱ्या हवेची वाट मुद्दाम बारीक ठेवतात. पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं तसं बारीक वाटेतून हवा वेगाने येते, पेट्रोलशी नीट मिसळते, आणि हळू चालवतानाही स्फोट दमदार होतो. वरच्या आरपीएमला मात्र तीच बारीक वाट अडवते, म्हणून ही गाडी ८० च्या पुढे धापा टाकायला लागते. हा दोष नाही, वर सोडलं म्हणून खाली मिळालं. डबल सीट, वर सामान, चढण, आणि तरी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत राहते ती याच्यामुळे.

गार ठेवायचं काम नुसत्या हवेवर. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, पाइप नाही, म्हणजे फुटायला आणि गळायला काही नाही. हे छोट्या इंजिनलाच परवडतं. वाटीभर गरम पाणी पातेलंभर गरम पाण्यापेक्षा लवकर गार होतं तसंच, वस्तू लहान असली की तिच्या आकारमानाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग जास्त असतो आणि उष्णता पटकन निघून जाते. फक्त एक, फिन्समध्ये चिखल वाळून बसला असेल तर तो काढा, तो गोधडीसारखं काम करतो.

हवेनंतर इंजिनला गार ठेवणारी दुसरी गोष्ट म्हणजे ऑइल, आणि ते आहे किती, तर जेमतेम लिटरभर, काही गाड्यांत त्याहूनही कमी. तेच ऑइल पिस्टनला, तेच गिअरला, तेच क्लच प्लेटला. कारमध्ये तसं नसतं, तिथे इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरचं वेगळं. म्हणूनच कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये टाकू नये, कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, इंजिनला ती चालतात पण क्लच प्लेटचं तर कामच घर्षणावर चालतं, मग क्लच स्लिप मारायला लागतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं ते याचसाठी. आणि ऑइल नुसतं काळं झालं म्हणून घाबरू नका, काळं होणं त्याचं कामच आहे, घाबरायचं ते ऑइलची लेव्हल खाली गेल्यावर. लिटरभरातलं पावशेर जळून गेलं तर इंजिनच्या हिशोबाने तो चौथा हिस्सा गेला.

धूळ ही दुसरी शत्रू. धुळीत बारीक वाळू असते, आणि ती पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे गेली की पॉलिश पेपरसारखी घासते. एअर फिल्टर फाटका असला किंवा काढूनच टाकला तर सुरुवातीला गाडी हलकी पळतेय असं वाटेल, पण आतून सिलिंडर मोठा होत चाललेला असतो, मग रिंगा सील करत नाहीत, ऑइल वर येतं आणि निळा धूर सुरू होतो. मग ब्लॉक पिस्टनचं काम.

टॅपेटचं एक सांगायलाच हवं, कारण याबद्दल गैरसमज फार आहे. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या मधे थोडी फट ठेवलेली असते, गाडीनुसार साधारण ०.०५ ते ०.१ मिलीमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. गरम झाल्यावर धातू फुगतो, त्याला जागा हवी म्हणून. फट वाढली की टॅपेट वाजतात, टिक टिक टिक, आणि लोक लगेच घट्ट करून घेतात, कधीकधी आवाज एकदम बंद होईपर्यंत. तिथे चूक होते. वाजणारा टॅपेट लगेच काही मोडत नाही, पण जास्त घट्ट झालेला टॅपेट व्हॉल्व्हला पूर्ण बसूच देत नाही, बारीक फटीतून पेटलेला गॅस निसटत राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून जाते. बाहेरून गाडी एकदम शांत, आणि कॉम्प्रेशन मात्र चाललेलं. फिलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पट्टीने, इंजिन थंड असताना, मोजून लावायचे आणि हलका आवाज राहिला तर राहू द्यायचा.

खाली चाकाकडे या. चाकं १७ किंवा १८ इंची आणि टायर बारीक. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, बारीक टायर रस्त्यावर कमी घासतो आणि हलका असतो, ट्यूब असली तर पंक्चर कुठेही निघतो. चेनला बहुतेक गाड्यांत पूर्ण झाकण असतं. दिसायला साधं पत्रा, पण उघडी चेन पावसात आणि धुळीत जेवढे दिवस जाते त्यापेक्षा झाकलेली कितीतरी जास्त जाते, कारण चेनला मारतं ते वजन नाही, तिच्या रोलरमध्ये शिरलेली वाळू मारते. मागे लेडीज गार्ड असतो, साडी, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून, भारतात तर मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकायची अट मोटार वाहन नियमांतच आहे.

मागचं चाक काढलं की हबमध्ये चार रबराचे ठोकळे दिसतात. कधी बघितलेत? मी पहिल्यांदा बघितले तेव्हा वाटलं कुठलंतरी पॅकिंग असेल. इंजिन एकच सिलिंडरचं, दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट, म्हणजे जोर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. तो धक्का सरळ चेनवर आणि गिअरच्या दातांवर गेला तर दोन्ही लवकर झिजतील, म्हणून चेनचं मोठं चक्र चाकाला थेट न जोडता या रबरांतून जोडलेलं असतं, रबर दबतात आणि धक्का पितात. काही वर्षांनी हे रबर कडक होतात, आक्रसतात, मग गिअर टाकला की मागे खट्ट असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला, धरला की गाडी झटका देते. लोक गिअर बॉक्स गेला समजून घाबरतात. चाक हाताने धरून पुढेमागे हलवून बघायचं, चक्र आणि हबच्या मधे मोकळं हललं तर रबर बदला, अर्ध्या तासाचं काम आहे. अशा एका किरकोळ रबरावर गिअर आणि चेनचं आयुष्य टांगून ठेवायचं, म्हणजे महाग पार्टच्या आधी स्वस्त पार्ट झिजेल असं बघायचं, याला मी खरं डिझाइन म्हणतो.

सगळंच मला आवडतं असं नाही. ब्रेकबद्दल माझं स्पष्ट मत आहे की इथे बचत नको होती. पुढे साधारण १३० मिलीमीटरचा ड्रम ब्रेक, मागे तेवढाच किंवा थोडा लहान. ड्रमचे फायदे आहेत, सगळं बंद डब्यात, ऑइल नाही, नट फिरवला की ॲडजस्ट होतो, लायनर कोणीही बदलतो. पण ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, आणि थांबवायचं बहुतेक काम पुढच्या चाकावर येतं, आणि ज्या गाडीवर सगळ्यात जास्त ओझं टाकलं जातं तिच्याच पुढच्या चाकाला सगळ्यात कमकुवत ब्रेक ही गोष्ट मला खटकते. उतारावर ड्रम तापला की पकड कमी होते, आत पाणी गेलं तर पहिले काही सेकंद ब्रेक लागतच नाही. भारतात एप्रिल २०१९ पासून छोट्या गाड्यांना किमान कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो, आणि ज्यांना फक्त पायाचा ब्रेक मारायची सवय आहे त्यांना याचा खरा उपयोग होतो. तरी पुढे डिस्क मिळत असेल तर तीच घ्या असं मी कोणालाही सांगेन.

आफ्रिकेत ही गाडी अजून वेगळं आयुष्य जगते. युगांडा आणि केनियात तिला बोडाबोडा म्हणतात, हे नाव त्या दोन देशांच्या सरहद्दीवरून पडलं, बॉर्डर टू बॉर्डर अशी हाक मारून माणसं नेणाऱ्या सायकलवाल्यांवरून. तिकडे ती दिवसभर भाड्याने चालणारी टॅक्सी आहे, मागे दोन-तीन माणसं, किंवा केळीचे घड, किंवा सोफा. बजाजची बॉक्सर तिथल्या रस्त्यांवर सगळीकडे दिसते, टीव्हीएसची एचएलएक्स पण आहे. मागे मजबूत मोठं कॅरिअर, लांब सपाट सीट. आपल्याकडे जी गाडी दिवसाला तीसेक किलोमीटर चालते तसलीच तिथे शंभर दीडशे किलोमीटर चालते, आणि एक दिवस बंद पडली की त्या दिवसाची कमाई नाही. तिथे गाडी निवडताना पहिला प्रश्न पार्ट मिळतो का हा असतो, ॲव्हरेज त्यानंतर. एकच इंजिन वीस वर्षं न बदलता विकायचा फायदा इथे कळतो, कारण जुन्या पडलेल्या गाडीचा पार्ट नव्या गाडीला बसतो आणि प्रत्येक मेकॅनिकच्या हाताला ते इंजिन सवयीचं असतं. बाहेरून हे कंपनीच्या आळसासारखं दिसतं, पण ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याच्यासाठी हीच खरी सोय.

गेल्या काही वर्षांत या साधेपणाला मोठा धक्का बसला तो प्रदूषणाच्या नियमांनी. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं आणि कार्बोरेटर जवळजवळ संपला, फ्युएल इंजेक्शन आलं. कार्बोरेटर म्हणजे साधी युक्ती, हवा वेगाने गेली की पेट्रोल ओढलं जातं, बस. त्यात अंदाज असतो, मोजमाप नसतं. इंजेक्शनमध्ये सेन्सर हवा, तापमान, ॲक्सिलरेटर, सायलेन्सरमधला ऑक्सिजन हे मोजतात, छोटा कॉम्प्युटर हिशोब करतो, पंप दाब तयार करतो आणि इंजेक्टर ठराविक वेळ उघडतो. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा पार्ट, नीट चालायला पेट्रोल आणि हवेचं प्रमाण एकदम अचूक लागतं, ते कार्बोरेटरला कायम जमणं अवघड, म्हणून हा बदल. हवा स्वच्छ झाली, थंडीत चोक ओढायची गरज गेली, हे सगळं चांगलंच आहे.

पण वापरणाऱ्याच्या सवयी बदलायला हव्यात, आणि हे शोरूममध्ये कोणी नीट सांगत नाही. जुनी गाडी बॅटरी मेली तरी किकवर चालू व्हायची, कारण स्पार्कसाठी लागणारी वीज इंजिन स्वतःच फिरून तयार करायचं. काही जुन्या गाड्यांचा हेडलाइट पण थेट तिथूनच चालायचा, म्हणून रात्री गाडी हळू केली की उजेड कमी व्हायचा आणि रेस दिली की वाढायचा, ज्यांनी चालवल्यात त्यांना आठवेल. इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि कॉम्प्युटर दोघांनाही आधी वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली असेल तर किक मारून पाय दुखेल पण गाडी सुरू होईलच असं नाही. टाकी रिझर्व्हच्या खाली रिकामी करत चालवायची सवय पण सोडा, बहुतेक गाड्यांत पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. होंडाने २०२३ मध्ये शाइन १०० आणली तेव्हा पंप टाकीच्या बाहेर ठेवला, म्हणजे तो तपासायला किंवा बदलायला टाकी उतरवून आत हात घालायची गरज नाही. सीजी१२५ च्या वेळचाच विचार, फक्त पार्ट वेगळा.

आणि इंजेक्शनची गाडी असेल तर मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा असतो, चावी फिरवली की तो लागायला हवा आणि गाडी सुरू झाली की विझायला हवा. चालू गाडीत तो पेटून राहिला तर गाडी बरी पळतेय म्हणून दुर्लक्ष करू नका, एखादा सेन्सर बंद पडला की कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडायला लागतो, ॲव्हरेज पडतो आणि जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टर जाळत बसतं. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर ते पण तपासून घ्या, विशेषतः सेकंड हँड गाडी घेताना, कारण दिवा विझवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याचा बल्ब किंवा वायर काढणं.